गाडी सुरू होते, पण लगेच बंद पडते

कराडकर: २००९ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, आरपीएम हजारापर्यंत जातो आणि लगेच बंद. ॲक्सिलरेटर दाबून धरला तर चालू राहते. आईला डायलिसिसला न्यायचं असतं, म्हणून फार जीव टांगणीला लागतो. इथल्या मेकॅनिकने फ्युएल पंप बदलायला सांगितलंय.

गॅरेजवाले काका: पंपावर आत्ताच खर्च करू नका, दादा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन चालतंय म्हणजे पेट्रोल बहुधा पोचतंय. कमी पडतेय ती आयडलिंगची, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तेव्हाची हवा. पाय काढला की थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप जवळजवळ मिटते आणि हवा आयडल व्हॉल्व्हच्या बारीक वाटेने जाते. त्या वाटेत काजळी बसली की इंजिन गुदमरतं. एअर फिल्टरचा पाइप काढून बघा, झडपेच्या कडेला काळा थर दिसेल. इंजिन बंद ठेवून थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापडाने पुसा. केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर झडप बोटाने ढकलू नका, आतले गिअर तुटतात.

नाशिकची मीनल: मीटरवरचा किल्लीचा दिवाही बघा. तो लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे किल्ली न ओळखल्यास गाडी चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा, इंजिन बंद करतोय. मग ॲक्सिलरेटर दाबूनही उपयोग होत नाही. दुसरी किल्ली लावून पाहा.

कराडकर: किल्लीचा दिवा ठीक आहे. झडपेवर मात्र काजळीचा जाड थर होता. साफ केल्यावर आयडलिंग आठशेवर टिकलंय. काका, मनापासून आभार!

गॅरेजवाले काका: छान. आता व्हॅक्यूमच्या रबरी नळ्याही तपासा. एवढ्या वर्षांत त्यांना भेगा पडतातच.