कौन्सिलच्या घरात डबल ग्लेझिंग: हक्क की मेहेरबानी?

टेम्सकाठी: इंग्लंडात सोशल हाउसिंगच्या (कौन्सिल म्हणजे स्थानिक पालिका किंवा गृहसंस्था यांच्या स्वस्त भाड्याच्या घरांच्या) भाडेकरूला डबल ग्लेझिंगचा, म्हणजे दुहेरी काचेच्या खिडक्यांचा, सरळ हक्क नाही. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्टचं कलम ११ म्हणतं, मोडलं तर दुरुस्त करा. आणखी चांगलं करून द्या, असं म्हणत नाही. 'क्विक विरुद्ध टॅफ एली' खटल्यात धातूच्या चौकटी, एकेरी काच, घरभर ओल, तरी अपील कोर्टाचा निकाल असा की खिडकी नादुरुस्त नाही, सबब मालकावर दुरुस्तीची जबाबदारी नाही. माझ्या मते एकेरी काच हाच दोष धरावा. तिचा यू-व्हॅल्यू (उष्णता किती बाहेर जाते याचं माप, कमी तितकं चांगलं) ५ च्या आसपास. आज खिडकी बदलली तर नियमाने १.४ च्या वर चालत नाही. मधल्या फरकाचं बिल भाडेकरूच्या माथी.

खिडकीमिस्त्री: असहमत. एकेरी काच ही खोलीतली सगळ्यात थंड जागा. वाफ तिथे पाणी होऊन कट्ट्यावर उतरते, फडक्याने पुसता तरी येते. घट्ट खिडकी बसवलीत की फटींतला वारा बंद. तीच वाफ बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे जाऊन बसते आणि दिसते तेव्हा काळे ठिपके पडलेले असतात. म्हणून ट्रिकल व्हेंट (चौकटीतल्या हवा खेळती ठेवणाऱ्या बारीक फटी) हवेत: खोल्यांत आणि स्वयंपाकघरात ८००० चौ. मिमी, बाथरूमला ४०००. आणि लोक थंडी लागते म्हणून त्यांवरच चिकटपट्टी मारतात! पैसा मोजका असेल तर आधी चालणारा एक्झॉस्ट फॅन, मग भिंतीचं इन्सुलेशन, काच त्यानंतर.

टेम्सकाठी: म्हणजे काच कधीच नाही. 'डीसेंट होम्स'च्या (सोशल हाउसिंगसाठीच्या किमान दर्जाच्या सरकारी) निकषात खिडकी जुनी असून भागत नाही, ती खराबही असावी लागते. रंग मारून तीच चौकट कितीही वर्षं ओढता येते.

कलमबहाद्दर: दोघेही खिडकीवर अडलात. २०१८ च्या राहण्यायोग्यतेच्या कायद्यात मोडतोड दाखवावी लागत नाही. ओलीमुळे घर राहण्याजोगं नाही, एवढं सिद्ध झालं तर पुरे. त्यात २७ ऑक्टोबर २०२५ पासून 'अवाबचा कायदा' (बुरशीच्या घरात दगावलेल्या मुलाच्या नावाचा) लागू: ओल-बुरशीचा गंभीर धोका असेल तर १० कामाच्या दिवसांत तपासणी, ती संपल्यावर ३ कामाच्या दिवसांत लेखी अहवाल, ५ कामाच्या दिवसांत घर सुरक्षित. अर्जात 'डबल ग्लेझिंग द्या' लिहिलंत की तो सुधारणांच्या फायलीत जातो. 'बेडरूममध्ये बुरशी, घरात दम्याचं मूल' लिहा, तारखेसह फोटो जोडा.

खिडकीमिस्त्री: याला +१. आणि पाणी कुठे आहे ते आधी बघा. आतल्या बाजूला असेल तर खोलीत दमटपणा. दोन काचांच्या मध्ये धुकं असेल तर सील गेलं. ही दुरुस्तीच, चौकट तशीच ठेवून फक्त काचेचं युनिट बदलतात. पहाटे बाहेरून दव दिसलं तर तक्रार करू नका, काच उत्तम काम करतेय.

टेम्सकाठी: आणि स्वतः बसवली तर?

कलमबहाद्दर: कौन्सिलच्या सिक्युअर (कायद्याने सहजी काढता न येणाऱ्या) भाडेकरूने आधी लेखी परवानगी घ्यावी, सबळ कारणाशिवाय ती नाकारता येत नाही. घर सोडताना भरपाईही मागता येते, खिडकीचं आयुष्य २० वर्षं धरून. २४०० पौंड घातले, ८ वर्षांनी सोडलं, तर हिशेबाने १४४० पौंड. कमाल ३०००. पावत्या जपा.

टेम्सकाठी: मालकाच्या भिंतीत भाडेकरूचे २४०० पौंड, आणि ९६० परत मिळायचे नाहीत. याला हक्क म्हणायचं?