एकांत हवा, पण तो कुठे सापडतो?
‘कंपूत बसलं की सगळे एकमेकांसारखंच लिहायला लागतात, विचार करायचा तर एकट्यानेच’ असं लिहिण्याबद्दलच्या चर्चेत कुणीतरी म्हटलं, ते मला अर्धंच पटलं. आमच्या गोव्यातल्या पेडण्यात जत्रेला दशावतार होतो, म्हणजे रात्रभर चालणारं लोकनाट्य; त्याला लिखित संहिता नसते. आधी कथानक सांगितलं जातं, कोण राजा, कोण राक्षस ते ठरतं आणि संवाद रात्री उभं राहिल्यावर सुचतात. समोरचा काय बोलेल तेच ठाऊक नसतं, मग त्याची नक्कल करणार कशी?

एकांत मात्र तिथेही असतो. एका वर्षी देवळामागच्या खोलीत चहा द्यायला गेलो होतो. दहाबारा माणसं दाटीवाटीने बसलेली, पण प्रत्येकजण आरशात बघून आपलं तोंड आपणच रंगवतोय (मेकअपवाला वगैरे भानगड नाही), कुणी कुणाशी बोलेना. स्त्रीपार्ट करणाऱ्या काकांना विचारलं, आज काय बोलणार? कोकणीत म्हणाले, “समोरचो कितें विचारता ताचेर” (समोरचा काय विचारतो त्यावर). आणि पुन्हा आरशात. पहाटे टेंपोत पेटारे चढवताना मात्र कुणाचं कुठलं वाक्य पडलं यावर तावातावाने वाद चालला होता.