प्रतिसाद: हात चालले म्हणजे डोकं चाललं असं नाही

कृतीतून शिक्षणाबद्दल नेहमी म्हणतात की मुलांच्या हातात वस्तू दिल्या की त्यांना आपोआप समजतं, ते मला अर्धंच पटतं. कित्येक अ‍ॅक्टिव्हिटीज नुसत्या कात्री-गोंदाच्या होतात आणि शेवटी काय कळलं विचारलं तर "मज्जा आली" एवढंच. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईने १८९६ साली शिकागोत शाळा काढली तिथे मुलं स्वयंपाक, विणकाम करायचीच की, पण केलेल्यावर विचार झाला पाहिजे हे त्याचं ठाम मत होतं.

उदाहरणार्थ लंबक घ्या, म्हणजे दोऱ्याला बांधून झुलवलेला दगड. दोरा, दगड, मोबाईलचं स्टॉपवॉच, बस. पण आधी विचारायचं, जड दगड लावला तर झोके भरभर होतील का? बरीच पोरं हो म्हणतात, झोपाळ्यावर बसलेली असतात ना, त्यांचं स्वतःचं मत असतंच! मग मोजायचं, झोका लहान ठेवायचा आणि एक नाही तर दहा झोके मोजून दहाने भागायचं, नाहीतर बटण दाबायच्या घाईतच घोळ होतो. दगड बदलला तरी वेळ तेवढाच. दोरा १ मीटर असेल तर जाऊन-येऊन साधारण २ सेकंद लागतात आणि १ सेकंद हवा असेल तर दोरा निम्मा करून भागत नाही, पाव करावा लागतो, म्हणजे २५ सेंमी. इथे वर्गात जो वाद पेटतो ना, वर्गमूळाचा विषय काढायची खरी वेळ तीच, कारण झोक्याचा वेळ दोऱ्याच्या लांबीच्या वर्गमूळाप्रमाणे बदलतो.

सिलॅबसचं म्हणाल तर हे एका तासात बसतं. सगळंच असं शिकवता येत नाही हे मान्य, पाढे घोकावेच लागतात.