मदत हवी आहे : कलम २७ आणि समाजाने स्वतः घातलेले सदस्यत्वाचे नियम

नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम २७ संस्कृती जपण्याचा हक्क अल्पसंख्याक समाजाला नव्हे, तर त्या समाजातील व्यक्तींना, 'इतर सदस्यांसह', देते. याच शब्दयोजनेवर लेख लिहिताना मी अडलो आहे.

कॅनडातील मॅलिसीट या आदिवासी समाजाच्या सँड्रा लव्हलेस यांनी बाहेरच्या पुरुषाशी लग्न केल्याने त्यांचा आदिवासी म्हणून असलेला कायदेशीर दर्जा गेला आणि संसार मोडल्यावर टोबिकच्या वस्तीत परतून राहण्याचा हक्कही उरला नाही. पुरुषाने असेच लग्न केले तर त्याचा दर्जा टिकत असे, हा अन्याय मला फार बोचतो. १९८१ मध्ये या करारावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने कलम २७ चा भंग झाल्याचे ठरवले. परंतु तो नियम समाजाचा नव्हे, कॅनडा सरकारच्या कायद्याचा होता. स्वीडनमधील सामी या आदिवासी समाजाच्या किटोक यांना रेनडिअर पाळणाऱ्या सामी गावाचे सदस्यत्व नाकारले गेले होते; त्यांच्या १९८८ च्या प्रकरणात समितीला भंग आढळला नाही, आणि तिथेही मुळाशी सरकारी कायदाच होता. दोन्ही निर्णय मी मुळातून वाचले आहेत.

व्यक्तींना या समितीकडे तक्रार करू देणारा ऐच्छिक प्रोटोकॉल (कराराला जोडलेला वेगळा करार) भारताने स्वीकारलेला नसल्यामुळे भारतीय प्रकरणे येथे उपयोगी नाहीत. अमेरिकेतील सांता क्लारा पुएब्लो खटला (१९७८) जमातीच्याच सदस्यत्वाच्या नियमावर होता, पण तो देशांतर्गत असल्याने तोही नको.

व्यक्तीला वगळणारा नियम सर्वस्वी समाजाचाच होता, अशा एखाद्या तक्रारीवर या समितीने निर्णय दिला आहे का, आणि दिला असल्यास राज्याची जबाबदारी तिने कोणत्या आधारावर ठरवली?