मदत हवी आहे: पावसाळ्यात कायटोसानचे नॅनोतंतू चिकटतायत

नमस्कार मंडळी. जखमेवरच्या पट्टीसाठी जीवाणूरोधक नॅनोतंतूंची जाळी इलेक्ट्रोस्पिनिंगने (उच्च व्होल्टेजने द्रावणाची धार ओढून बारीक तंतू बनवायची पद्धत) करतोय. ९ टक्के पीव्हीए (पाण्यात विरघळणारं पॉलिमर) पाण्यात, २ टक्के कायटोसान (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारं जीवाणूरोधक पॉलिमर) सौम्य अॅसेटिक आम्लात, मिश्रण ७०:३०. व्होल्टेज १८ किलोव्होल्ट, सुई ते कलेक्टर (तंतू जमा होतात ती फॉइल लावलेली बाजू) १४ सेंमी, प्रवाह तासाला ०.४ मिली.

उन्हाळ्यात याच आकड्यांवर फॉइलवरून कागदासारखी सुटणारी पांढरीशुभ्र जाळी यायची. आता खोलीतली आर्द्रता ७५ टक्क्यांखाली उतरायला तयार नाही आणि फॉइलवर नुसते चिकट, पारदर्शक डाग. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू एकमेकांत मिसळलेले, मध्येमध्ये मणी. पाणी उडायच्या आतच धार कलेक्टरवर पोचते, हे कळतंय. अंतर वाढवलं तर धार भरकटते, भलतीकडेच जाऊन बसते. पेटीत सिलिका जेल ठेवून भागतं का, की कोरड्या हवेची नळीच सोडावी लागते?

दुसरा प्रश्न जास्त छळतोय. जाळी पाण्यात विरघळू नये म्हणून ग्लुटराल्डिहाइडची (पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना जोडणारं रसायन) वाफ देतो. पण ते स्वतःच जंतुनाशक! मग ई. कोलाय जीवाणूंच्या प्लेटवर जाळीभोवती दिसणारं जीवाणू न वाढलेलं वलय नक्की कुणामुळे, कायटोसानमुळे की ग्लुटराल्डिहाइडमुळे? कायटोसान आगरमध्ये (प्लेटमधल्या जेलीत) फारसं पसरत नाही, म्हणून तर संशय येतो. तशीच वाफ दिलेली नुसत्या पीव्हीएची जाळी कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) म्हणून लावणार आहे. उरलेलं ग्लुटराल्डिहाइड ग्लायसीनने (त्याला निष्प्रभ करणारं अमिनो आम्ल) धुऊन कुणी जीवाणूंच्या वसाहती मोजल्यात का? की वाफेचा नाद सोडून सरळ ओव्हनमध्ये तापवूनच जाळी पक्की करावी?