बोटीवरचे दिवस आणि ऐनवेळी वळलेला मार्ग – तुमचेही अनुभव लिहा

मंदाकिनी_ठाणे

नातवाला शाळेत जगाचा नकाशा न्यायचा होता म्हणून काल माळ्यावरची पिशवी खाली काढली. आत बोटीवर मिळालेला नकाशा निघाला आणि कुकर तीन शिट्ट्यांऐवजी सात शिट्ट्या झाला.

नकाशावर छापील तुटक रेघ आहे. फ्लोरिडा, पनामा, हवाई, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, कोलंबो, मुंबई, मग तांबडा समुद्र, सुएझ आणि पुढे युरोप. तिच्याशेजारी यांनी सुडोकूच्या पेनने मारलेली दुसरी रेघ. ती ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकावरून थेट मॉरिशस, तिथून केप टाउन आणि आफ्रिकेला बाहेरून वळसा. आम्ही गेलो ते या दुसऱ्या रेघेने.

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. निम्मे पैसे लेक-जावयाचे, निम्मे यांच्या फंडातले. निघालो तेव्हाच तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले चालू होते, पण 'आम्ही लक्ष ठेवून आहोत' एवढंच उत्तर मिळायचं. कप्तान रोज दुपारी बाराला वारा, वेग, समुद्राची खोली सांगायचा. कोण ऐकतंय! हवाई सोडल्यावर एका दुपारी मात्र तो बोलत राहिला आणि जेवणघरातला काट्या-चमच्यांचा आवाज हळूहळू बंद झाला. सिंगापूरपासून सुएझपर्यंत सगळं रद्द. माझ्यासमोरच्या टेक्सासच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे ताजमहाल नाही?" मनात म्हटलं, बाई, म्हणजे आमच्या जाऊबाई नाहीत!

धाकट्या जाऊबाई १४ मार्चला डोंबिवलीहून बॅलार्ड पिअरला येणार होत्या, पुरणपोळ्या घेऊन. रजासुद्धा टाकून झाली होती.

नंतरची गंमत म्हणजे, बदललेल्या मार्गावर दक्षिण आफ्रिका. भारतीय पासपोर्टला तिथला व्हिसा आधी काढावा लागतो, तो भर समुद्रात कुठून काढणार? दोन दिवस बोट केप टाउनला उभी. सगळे केबल कारने टेबल माउंटनवर आणि आम्ही दोघं डेकवर खुर्च्या टाकून त्याच डोंगराकडे बघत. डोंगरावर ढग पसरतो त्याला तिकडे टेबलक्लॉथ म्हणतात. तो दिवसातून किती वेळा घातला आणि काढला ते मला विचारा.

तुमचं असं काही झालंय का? क्रूझच हवी असं नाही, कुठलीही बोट चालेल.

गप्पिष्ट

पहिला प्रश्न, वरणभात मिळतो का हो?

खारा_वारा

मी मर्चंट नेव्हीत, तेव्हा तुमच्या पुलाव-पेस्ट्रीवाल्या बोटींबद्दल काय बोलणार. पण सुएझचं सांगतो. कालवा १९३ किलोमीटर, जहाजं ताफ्याने सोडतात. आशियातून युरोपला जाताना तो टाळून आफ्रिकेच्या टोकाला केपवरून गेलं की साधारण साडेतीन हजार सागरी मैल जास्त पडतात, म्हणजे दहाएक दिवस. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे कंटेनर जहाज कालव्यात आडवं होऊन सहा दिवस अडकलं तेव्हा आम्ही रांगेत होतो. त्याच्यावरचे २५च्या २५ खलाशी भारतीय, त्यामुळे घरून फोन, "तूच आहेस का रे तो?" आई, मी नाही, मी त्याच्या मागे आहे.

आणि अडकण्याचा खरा विक्रम १९६७चा. युद्धात कालवा बंद झाला आणि १४ जहाजं कालव्याच्या वाटेवरच्या ग्रेट बिटर लेक या सरोवरात आठ वर्षं. वाळू बसून पिवळी झाली म्हणून त्यांना पिवळा ताफा म्हणत. आमचा माल निदान तक्रार करत नाही. तुमच्या बोटीवरच्या रिसेप्शनवाल्याची मला दया येते.

मंदाकिनी_ठाणे

@खारा_वारा, रिसेप्शनची रांग लिफ्टपर्यंत गेली होती. अमेरिकन मंडळींनी भारताच्या ई-व्हिसासाठी तासन्‌तास फॉर्म भरले होते, आई-वडिलांच्या जन्मगावापर्यंत सगळं. ते आमच्याकडे असं बघायचे जणू त्यांची फी आम्हीच खाल्ली. मिळालं काय, तर रद्द बंदरांचा कर खात्यावर जमा. बाकी तिकिटामागच्या बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं की मार्ग कधीही बदलू शकतो. यांनी बँकेत आयुष्यभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला सांगितली, स्वतः नाही वाचली.

@गप्पिष्ट, मिळतो. डायनिंगमध्ये एक मडगावचा मुलगा होता. पहिल्या आठवड्यात त्याने मला काकी म्हटलं, दुसऱ्या आठवड्यात वरण आलं. हिंग नव्हता, तो माझ्या डबीतला गेला.

चिंगी

वाचतेय. पोळ्यांचं काय झालं ते सांगा आधी.

डेकखालचा

मी केबिन स्टुअर्ड होतो. माझी बोट वेगळी, पण तोच जानेवारी. गाव गुहागरकडे. वरच्या लोकांचा ताजमहाल गेला, खालच्यांचा साइन ऑफ (करार संपवून बोटीवरून घरी जाणं) गेला. माझा साइन ऑफ मुंबईला होता, मार्चमध्ये, बरोब्बर शिमग्याच्या आधी. घरी सांगून ठेवलं होतं. मार्ग बदलला त्या रात्री आय-९५वर (बोटीच्या पोटात टोकापासून टोकापर्यंत लांब बोळ असतो, सगळा क्रू तिथूनच ये-जा करतो, त्याला आम्ही अमेरिकेतल्या हायवेचं नाव देतो) नोटीस लागली आणि अख्खा बोळ भरला. गोव्याची पोरं, फिलिपिन्सची, इंडोनेशियाची, सगळे आपापलं नाव शोधतायत. माझ्या नावापुढे बार्सिलोना, एप्रिल.

आईला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे पालखी नाचवायला नाहीस तू." मी म्हटलं नाही. मग म्हणाली, तुझ्या वाटणीचा खांदा चुलत्याला देते.

सकाळी परत त्याच केबिनी. एक म्हातारे गृहस्थ पायजम्यात उभे, मला म्हणाले, "सॉरी, तुझा देश मला बघता आला नाही." मी म्हटलं सर, मलापण नाही. 😄

बाय द वे काकी, पश्चिमेला जाणारी बोट आम्हाला आवडते. अधूनमधून रात्री घड्याळ एक तास मागे, म्हणजे एक तास झोप जास्त. पूर्वेला जाणारी असली की उलटं, तासतास कापत नेतात.

रेवती

@डेकखालचा, वाचून पोटात कालवलं.

आमच्याकडे २०२०. नवरा बोटीवर शेफ. मार्चमध्ये एकेक बंदर नाही म्हणत गेलं. प्रवासी उतरवले, पण क्रू तसाच. बोट फिरत फिरत मुंबईसमोर आली आणि बाहेर समुद्रात नांगरली. तो म्हणायचा रात्री शहराचे दिवे दिसतात. मी इथे कळव्यात, सासूबाई गच्चीवर जाऊन विचारायच्या, इकडून दिसेल का गं? एप्रिलच्या शेवटी केंद्राची परवानगी आली, बोटीवरच नाकात काडी घातली, मग उतरवलं. घरी आला तेव्हा सोसायटीने १४ दिवस जिन्यातसुद्धा येऊ दिलं नाही. त्या सेक्रेटरीशी अजून बोलत नाही मी.

निनाद_के

त्या वर्षी जगप्रवासाला गेलेल्या तीन बोटी सगळ्यात शेवटपर्यंत प्रवासी घेऊन समुद्रात होत्या. मॅग्निफिका मार्सेलला आणि पॅसिफिक प्रिन्सेस लॉस एंजेलिसला, दोन्ही २० एप्रिलला लागल्या. डेलिझिओसा बार्सिलोना करून जिनोव्हाला. लोक जानेवारीत निघाले तेव्हा मास्क हा शब्द दवाखान्यातला होता. तेव्हा रोज बोटींचे नकाशे बघत बसायचो, दुसरं काम काय होतं.

नीलिमा_मेलबर्न

मला वाटलं इथे कोणी लाँड्रीबद्दल लिहिलं असेल! क्रूझवर खरी युद्धं तिथेच होतात. चार महिन्यांचा प्रवास, मजल्यावर मोजकी मशीन. एका आजींनी माझे ओले कपडे ड्रायर थांबवून बाहेर काढून ठेवले होते, वर चिठ्ठी, 'तुमची वेळ संपली.' नवरा म्हणाला, हे वाक्य या वयात असं लिहू नये.

बाकी आमची २०१८ची बोट कोलंबोहून सुएझकडे गेली तेव्हा चाच्यांची कवायत झाली. खिडक्यांपासून लांब, केबिनबाहेरच्या बोळात जमिनीवर बसायचं. रात्री डेकवरचे दिवे बंद, पडदे ओढलेले. सत्तर वर्षांचे लोक जमिनीवर बसले खरे, पण उठवायला दुसरी कवायत लागली. दिवे नसल्यामुळे तारे मात्र असे दिसले की आम्ही तिघी अंताक्षरी सोडून गप्प बसलो.

आजोबा५४

आमची क्रूझ म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणबोट. पत्र्याची ट्रंक, वर वळकटी, डेकवर जागा पकडायला मामा आधी धावायचा. मार्ग बदलायचा नाही, पण समुद्र खवळला की अमुक बंदर 'घेतलं नाही' म्हणून पुढच्या बंदरात उतरा आणि मागे या. पावसाळ्यात तर बंदच. पडावात (बोटीतून किनाऱ्यावर नेणाऱ्या होडीत) उडी मारताना काकूची कोंबडी समुद्रात गेली ती आठवण अजून घरात निघते.

आमची आजी मात्र कधी बोटीत बसली नाही. १७ जुलै १९४७, रामदास बोट. रेवसला निघालेली, काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. दिव्याची अवस होती. आजीच्या वाडीतले दोघे होते. ती एसटीने येताना खाडीच्या पुलावरसुद्धा डोळे मिटायची.

चिंगी

आजोबा 🙏 माझ्या आईच्या माहेरीही हेच ऐकलंय.

भटकभवानी

ईस्टर आयलंड! तिथे मोठ्या बोटीला धक्काच नाही, छोट्या होडीतून किनाऱ्यावर जायचं. लाटा मोठ्या असल्या की होड्या उतरवतच नाहीत. मी तिथल्या त्या मोठ्या दगडी मूर्तींसाठी, मोआईंसाठी, दोन वर्षं पैसे साठवले होते. पोचलो सकाळी सहाला, सगळे टोप्या-बूट घालून तयार, आणि कप्तान म्हणाला लाट फार आहे. मग बेटाभोवती चक्कर. दुर्बीण एकच, नवऱ्याच्या गळ्यात. मोआई मला अंगठ्याच्या नखाएवढे दिसले. घरी सांगते 'पाहिले'.

पण त्यानंतर पिटकेर्न लागलं. बेटावर पन्नासेक माणसं. आपल्याला उतरायला नाही मिळत, तेच लांब होडीतून आपल्या बोटीवर चढतात आणि टेबलं मांडून मध, लाकडी मासे, टी-शर्ट विकतात. अर्धं गाव आलं होतं. ज्या बाईकडून मध घेतला ती म्हणाली, मागच्या वेळी लाट होती, जमलं नाही, बोट तशीच निघून गेली. म्हणजे तिकडूनही तेच.

मध संपला. बाटलीत आता मोहरी आहे.

शंकासुर

तारीखरेषा कोणी ओलांडली का? पश्चिमेकडे जाताना एक दिवस गायब होतो ना? वाढदिवस असला तर?

मंदाकिनी_ठाणे

@शंकासुर, वाढदिवस नाही, माझी संकष्टी गेली! रविवारी २८ जानेवारीला झोपलो, उठलो ते मंगळवारी ३० तारखेला. सोमवारी २९ला संकष्टी होती. साबुदाणा ठाण्याहून नेला होता, मडगावच्या मुलाला भिजवायचा कसा तेही शिकवून ठेवलं होतं. हे म्हणाले, उपास केलाही नाहीस आणि मोडलाही नाहीस, देवाकडे नोंदच नाही.

शंकासुर

पण तिथी तर सूर्योदयाच्या स्थळावर ठरते. पॅसिफिकमध्ये ठाण्याचं पंचांग कसं चालेल? चंद्रोदय तर तिकडच्या सोमवारी रात्री

गप्पिष्ट

झालं सुरू. काकी, पोळ्या.

मंदाकिनी_ठाणे

हो हो. १४ मार्चला आम्ही मॉरिशसच्या अलीकडे. जाऊबाईंची रजा मंजूर झाली होती, ती रद्द केली नाही त्यांनी. पुरण घातलं, पोळ्या केल्या आणि दुपारी व्हिडिओ कॉल. बोटीवरचं वायफाय म्हणजे काय सांगू. पोळी उलटली, तुपाचा चमचा वर आला आणि चित्र थिजलं. त्यांचं तोंड उघडं, चमच्यातला तुपाचा थेंब खाली पडायच्या बेतात. पाच मिनिटं आम्ही तो थेंब बघत बसलो. मग कॉल तुटला. त्याचा फोटो काढून ठेवलाय. परत आल्यावर केल्या त्यांनी, पण तेव्हा मे महिना आणि आमरस, पोळीकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

असो. नातवाला नकाशा द्यायच्या आधी आज सकाळी लॅमिनेट करून आणला, फाटायला नको म्हणून. आणि घरी येऊन बघते तर यांनी मारलेली रेघच नाही! छापील तुटक रेघ जागच्या जागी, सुएझमधून. दुकानदार म्हणतो मी काही पुसलं नाही. हे सकाळपासून बोलत नाहीयेत.

निनाद_के

सुडोकूचं पेन म्हणालात ना? मागच्या रबराने घासून खोडता येणारं? त्याची शाई उष्णतेने जाते. लॅमिनेशनचं मशीन म्हणजे चांगलंच गरम.

मंदाकिनी_ठाणे

अगंबाई. तेच ते. ऑकलंडला घेतलेलं.

निनाद_के

घाबरू नका, शाई कागदातच असते. फ्रीझरमध्ये ठेवा, थंडीने परत उमटते. माझ्या मुलीची गणिताची वही मी अशीच वाचवली.

नीलिमा_मेलबर्न

फ्रीझरमध्ये???

डेकखालचा

काकी, ठेवून सांगा. आमची पण रेघ आहे त्यात.

मंदाकिनी_ठाणे

मटार आणि खवलेला नारळ बाहेर काढून ठेवलाय मधल्या कप्प्यातून. मधोमध दुमडावा लागला. आत्ता काढून बघितला. फिकट आहे, पण ऑस्ट्रेलिया आली, मॉरिशस आलं, केप टाउनपर्यंत स्पष्ट दिसतेय. पुढचा भाग दाराकडच्या बाजूला होता. परत आत घातलाय. हे खुर्ची घेऊन फ्रीजसमोर बसलेत.