ओटीपी फोनवर मागायची सवय आम्हीच लावली : लहान ऑफिससाठी सल्ला हवा आहे

इचलकरंजीकर

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. मी आणि सहा जणांचा स्टाफ. क्लायंट बहुतेक यंत्रमागवाले, सायझिंगवाले, सुताचे व्यापारी. जीएसटी आणि आयकर धरून साधारण ४०० जणांची कामं आमच्याकडे आहेत.

गेल्या महिन्यात आमच्या एका जुन्या क्लायंटकाकांना फोन आला, "मॅडमच्या ऑफिसातून बोलतोय, रिटर्न भरायचं चाललंय, ओटीपी आला असेल तेवढा सांगा." काकांनी सांगितला. खात्यातून ₹३८,००० गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोवर पाच-सहा तास उलटून गेले होते. दुसऱ्या दिवशी काका माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "ताई, तुमची पोरं दर महिन्याला असाच फोन करतात की."

तेव्हापासून मला नीट झोप नाही. ते म्हणाले त्यात काही खोटं नाही. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या मुदतींच्या, आधी आमच्याकडून पन्नास-साठ फोन जातात आणि प्रत्येक फोनवर आम्ही ओटीपीच मागतो. बँक सांगते ओटीपी कुणाला देऊ नका, आम्ही सांगतो लवकर द्या, साइट हँग होतेय. त्या चोराला वेगळं काही करावंच लागलं नाही.

बाकी परिस्थितीही सांगते, लपवून उपयोग नाही. सगळ्यांचे पासवर्ड एका एक्सेल फाइलमध्ये आहेत आणि ती फाइल सातही कॉम्प्युटरवर उघडते. निम्मे पासवर्ड फर्मचं नाव आणि पुढे १२३ असे. डिजिटल सहीचे डोंगल एका ड्रॉवरमध्ये, प्रत्येकावर पिनची चिठ्ठी चिकटवलेली. व्हॉट्सअॅप वेब दिवसभर चालू, त्यात लोकांचे पॅन, आधार, चेकचे फोटो. दिवाळीनंतर एक मुलगा सोडून गेला. गुणी मुलगा आहे, माझा त्याच्यावर काडीचा संशय नाही, पण ती फाइल त्याच्याकडे असणार आणि त्यानंतर आम्ही एकही पासवर्ड बदललेला नाही. टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतो, तो पेनड्राइव्ह मशीनलाच लावलेला असतो.

सुरुवात कुठून करू? पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवणारं सॉफ्टवेअर) कुठला घ्यावा? वर्षाला ₹१५-२० हजार खर्च करायची तयारी आहे.

रात्रपाळी

ताई, इतकं मोकळेपणाने लिहिलंत म्हणून सविस्तर लिहितो. पुण्यात सिक्युरिटी मॉनिटरिंगच्या कामात नऊ वर्षं आहे, बहुतेक रात्रपाळीच.

एक्सेलपासून सुरुवात करू नका. ऑफिसच्या ईमेलपासून करा. बाकी बहुतेक खात्यांचा "पासवर्ड विसरलात का" तिथेच येतो, त्यामुळे ईमेल गेला की मागोमाग सगळं जातं. त्याला आजच टू-स्टेप लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागितला जाईल. तो कोड एसएमएसवर नको, ऑथेंटिकेटर अॅपवर (फोनमध्येच कोड तयार करणारं अॅप). रिकव्हरी कोड कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा.

मग पासवर्ड मॅनेजर. माझं मत बिटवॉर्डन. ओपन सोर्स आहे, टीमसाठी पैसे भरावे लागतात, सात जणांचा खर्च तुमच्या बजेटमध्ये बसतो का ते घेण्याआधी बघा. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं ठेवता येतं, कुणाला कुठले क्लायंट दिसावेत ते ठरवता येतं, माणूस गेला की त्याचा प्रवेश एका मिनिटात बंद. पण हेही सांगायला हवं : २०२२ साली लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या कंपनीतून ग्राहकांच्या पासवर्डच्या तिजोऱ्यांचे बॅकअप चोरीला गेले होते. आतले पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, साइटचे पत्ते मात्र उघडेच होते. ज्यांचा मास्टर पासवर्ड (तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड) लेचापेचा होता त्यांना खरा धोका. म्हणून मास्टर पासवर्डवर वेळ घालवा. एकमेकांशी संबंध नसलेले सहा शब्द घ्या, उंबरा, पोहरा, कानस, जायफळ अशा जातीचे (हेच नको, ते आता इथे लिहिले गेले). अभंगाची किंवा गाण्याची ओळ नको, ती दुसऱ्यालाही सुचते. खरं तर शब्द डोक्यातून काढूच नयेत, फाशाने काढावेत. ७,७७६ शब्दांच्या तयार याद्या मिळतात, पाच वेळा फासा टाकला की एक शब्द.

आणि कृपा करून दर महिन्याला पासवर्ड बदलण्याचा नियम करू नका. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २००३ मध्ये असे सल्ले दिले होते, २०१७ मध्ये स्वतःच मागे घेतले. मूळ दस्तऐवज लिहिणारे बिल बर यांनी त्या वर्षी जाहीरपणे खेद व्यक्त केला. माणसं शेवटचा आकडा बदलतात, १२३ चं १२४ होतं, एवढंच. पासवर्ड फुटल्याची शंका आली किंवा माणूस सोडून गेला, तेव्हा मात्र बदलायचाच.

म्हणजे तुमचे ४०० बदलावे लागणार. एका दिवसात करायला जाऊ नका, गोंधळ होईल. रोज दहा केले तर चाळीस दिवसांत संपतात. ज्या क्लायंटचं काम हातात येईल त्याचा त्याच वेळी. ते झालं की एक्सेल फाइल सातही मशीनवरून आणि सगळ्यांच्या ईमेलमधून काढा.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा ₹२५० कोटी आहे. तुमच्यासारख्या ऑफिसला तेवढा होईल असं मी म्हणत नाही, पण ते आधारचे फोटो आता तुमची जबाबदारी आहेत. काम झालं की व्हॉट्सअॅपवरून काढून टाकायला सुरुवात करा.

गोदाकाठ

मी नाशिकला सीए आहे. रात्रपाळींचं सगळं मान्य, पण ताईंचं मूळ दुखणं ओटीपीचं आहे, म्हणून त्यावरच लिहितो.

आधी निम्मे ओटीपी मागायची गरजच संपवा. ई-वे बिल (माल वाहतुकीचं जीएसटी कागदपत्र) पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच दुहेरी पडताळणी लागते. तिथे क्लायंटच्या मुख्य लॉगिनखाली सब-यूजर तयार होतात आणि सब-यूजरचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर येतो. ई-वे बिल करणाऱ्या मुलाच्या नावाने सब-यूजर करून घ्या, क्लायंटला फोन करायलाच नको. मुलगा सोडून गेला की तेवढा सब-यूजर गोठवायचा. जीएसटीसाठी तुम्ही प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणीकृत असाल तर क्लायंट त्याच्या लॉगिनमधून तुम्हाला नेमू शकतो आणि काढूही शकतो. क्लायंटचा पासवर्ड न घेता तुमच्या लॉगिनमधून रिटर्नची तयारी होते.

तरी शेवटी फायलिंगचा ओटीपी उरतोच. आम्ही दीड वर्षापूर्वी एक बदल केला : फोनची दिशा उलटी केली. आमच्याकडून फोन जात नाही. "तुमचं रिटर्न तयार आहे" एवढाच मेसेज जातो, टॅक्सच्या आकड्यासकट. क्लायंट सवडीने आमच्या लँडलाइनवर फोन करतो, तो नंबर त्याच्याकडे बिलावर छापलेला आहे. मग आम्ही ओटीपी पाठवतो आणि आधी त्याला पूर्ण मेसेज वाचायला लावतो. मेसेज कुणाकडून आलाय, कशासाठी आहे, हे त्याने वाचल्याशिवाय आमची मुलगी आकडा ऐकून घेत नाही. बँकेचा असेल तर वाचतानाच त्याच्या लक्षात येतं. पहिले दोन महिने फार त्रास झाला, १९ तारखेला रात्री दहापर्यंत बसलो. आता लोकांना सवय झाली आहे, आणि रिटर्नचा आकडा आधी बघायची सवय लागली हा फायदा वेगळाच.

डोंगल परत करा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४२ सांगतं की सहीची खासगी किल्ली ताब्यात ठेवण्याची काळजी सही असणाऱ्याने घ्यायची आहे. क्लायंटची सही तुमच्या ड्रॉवरमध्ये पिनसकट असणं हे त्याच्याइतकंच तुमच्याही अंगाशी येऊ शकतं. ज्यांचं ठेवावंच लागेल त्यांचं लेखी पत्र घ्या, आवक-जावक रजिस्टर ठेवा, आणि चिठ्ठ्या आजच फाडा.

केवडा

बिटवॉर्डनला माझा विरोध नाही, पण ४०० लोकांची माहिती परक्या सर्व्हरवर कशाला? कीपासएक्ससी वापरा. फुकट आहे, फाइल तुमच्याच मशीनवर राहते. मी सहा वर्षं वापरतेय.

रात्रपाळी

एकट्यासाठी उत्तमच, मीही घरी तेच वापरतो. पण इथे सात जण आहेत. एकच फाइल, एकच मास्टर पासवर्ड, आणि जाणारा माणूस फाइलची कॉपी घेऊन गेला तर पुन्हा ताईंचा तोच प्रश्न.

ताळेबंद

मी सोलापुरात अकाउंटंट आहे, बारा वर्षं अशाच ऑफिसांमधून काम केलंय. वर सगळे मालकांच्या बाजूने लिहितायत, मी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने लिहिते.

माझ्या आधीच्या ऑफिसात आमच्यातल्या एकीच्या फोनवर व्हॉट्सअॅपने आरटीओ चलनाची फाइल आली. तिच्या नवऱ्याची गाडी सिग्नलला कॅमेऱ्यात आली होती, तिला खरंच वाटलं. फाइल एपीके होती, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी. तिने इन्स्टॉल केली आणि थोड्या वेळाने तिच्या नंबरवरून तीच फाइल क्लायंटच्या ग्रुपवर जायला लागली. तिला अर्ध्या तासात कळलं होतं. पण ती दोन दिवस गप्प बसली. का, तर आधीच्या महिन्यात एकाने चुकीच्या पार्टीला मेल पाठवला म्हणून सरांनी त्याला सगळ्यांसमोर उभं करून झापलं होतं आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापला होता. तिने त्याच दुपारी तोंड उघडलं असतं तर ग्रुपवर एक मेसेज टाकून भागलं असतं. दोन दिवसांत चार क्लायंटनी ती फाइल उघडली.

म्हणून ताई, पासवर्ड मॅनेजर घ्यालच, पण त्याआधी सहाही जणांना बसवून सांगा की चूक झाली तर लगेच सांगा, ओरडा बसणार नाही. आणि पहिला माणूस सांगायला येईल तेव्हा खरंच ओरडू नका, कारण बाकीचे पाच जण तेच बघत असतात.

दुसरं, ऑफिसचं व्हॉट्सअॅप मुलांच्या स्वतःच्या फोनवर चालतं का? ₹१४-१५ हजार पगारावरच्या मुलीच्या फोनमध्ये तुमच्या क्लायंटचे आधार, तोच फोन संध्याकाळी घरी लहान भावाच्या हातात गेमसाठी. ऑफिसचा एक फोन घ्या. तो रात्री ऑफिसातच राहू दे.

उरणकर

बॅकअपबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मशीनला कायम लावलेला पेनड्राइव्ह हा बॅकअप नव्हे. मशीन लॉक करणारा व्हायरस त्यालाही लॉक करतो.

मी न्हावा-शेव्याला कस्टम क्लिअरिंगच्या कामात आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला तेव्हा जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल बंद पडलं होतं. आमची कागदं हातात आणि कंटेनर आत. तुमच्या धंद्याशी याचा संबंध असा की तो व्हायरस पसरला युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथले लोक कर भरायला तेच सॉफ्टवेअर वापरत. कुणी चुकीच्या लिंकवर क्लिक केलं नव्हतं, नेहमीचं अपडेट घेतलं होतं. मर्स्कला ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. नेटवर्कचा आधार असलेल्या सर्व्हरची एकच धड प्रत जगात सापडली, घानातल्या ऑफिसात, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती.

आपल्याकडे वीज जाण्यावर विसंबून चालणार नाही. दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. आज एकीवर बॅकअप, काढून घरी. उद्या दुसरी. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून टॅली उघडते का बघा. हे बघणं सगळेच टाळतात.

इचलकरंजीकर

तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे मनापासून आभार.

ईमेलचं झालं. बिटवॉर्डन घेतलं, १७० पासवर्ड बदलून झाले. ६३ डोंगल होते, त्यातले ४१ परत गेले. बाकीचे क्लायंट म्हणतात, "तुमच्याकडेच राहू दे ताई, आमच्याकडे हरवेल." त्यांची पत्रं घेतली, चिठ्ठ्या फाडल्या. हार्ड डिस्क आल्या. पहिल्याच रिस्टोअरला कळलं की दोन कंपन्यांचा डेटा फेब्रुवारीपासून बॅकअपमध्ये येतच नव्हता. उरणकर, तुमच्यामुळे कळलं.

ताळेबंद, तुमचा प्रतिसाद मी स्टाफसमोर मोठ्याने वाचून दाखवला. वाचून झाल्यावर आमच्या सर्वांत जुन्या सहकाऱ्याने सांगितलं की त्याने मार्चमध्ये एका क्लायंटचा पासवर्ड चुकून दुसऱ्याच्या ग्रुपवर टाकला होता आणि कुणाला बोलला नव्हता. मी काही बोलले नाही, आम्ही दोघांनी बसून तो पासवर्ड बदलला. त्यानंतर आणखी दोघांनी आपापलं सांगितलं.

काकांच्या रकमेपैकी ₹११,००० होल्ड झालेत, ते परत मिळवायची कागदपत्रं मी स्वतः करतेय.

आता दोन प्रश्न. तीन मशीनवर अजून विंडोज १० आहे. आणि फोनची दिशा उलटी केली, पण सत्तरीतले पंधरा-वीस क्लायंट आहेत, ते फोन करत नाहीत, वाट बघत बसतात. त्यांचं काय करू?

रात्रपाळी

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीनवर ११ चढत असेल तर चढवा. नसेल तर बदलेपर्यंत त्या तिन्हींवर ईमेल आणि पोर्टल उघडू नका, टायपिंग-प्रिंटिंगला ठेवा.

गोदाकाठ

आजोबा मंडळींसाठी आम्ही खुणेचा शब्द ठेवलाय. प्रत्येकाने समोर बसून स्वतः निवडलेला, आणि तो बिटवॉर्डनमध्ये त्याच्याच नोंदीत. फोन आम्ही करतो, पण शब्द आम्ही आधी सांगायचा, त्यांनी नाही. आमच्या मुलीने शब्द सांगितला नाही तर त्यांनी फोन ठेवून द्यायचा. एका आजोबांनी खरंच ठेवला होता, नवीन मुलगी होती, विसरली. दुसऱ्यांदा शब्द सांगून लावला तेव्हा बोलले.

इचलकरंजीकर

हे सोमवारपासून सुरू करते. काकांना उद्याच बोलावलंय, पहिला शब्द त्यांचा.